'वुड यू माइंड'ला आपण 'येस' का म्हणतो?

बुधवार, रात्री

आज एकाच प्रश्नाबद्दल लिहून ठेवायचं आहे : 'वुड यू माइंड...?' व्याकरणाच्या पुस्तकात तो दोन ओळींत आटोपतो, पण मराठी माणूस बोलताना तिथे हमखास अडखळतो. विचारताना कमी, उत्तर देताना जास्त.

'वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?' असं कोणी विचारलं की तोंडून पटकन 'येस, येस' निघतं आणि हात मात्र शेजारची पिशवी उचलून जागा करून देत असतो. तोंडाने नकार, हाताने होकार. याचं कारण इंग्रजी कच्चं असण्यात नाही. हा प्रश्न आपण मनातल्या मनात 'मी इथे बसलो तर चालेल का?' असा ऐकतो, आणि 'चालेल का'चं उत्तर 'हो' असतं. इंग्रजी प्रश्न मात्र हरकतीचा आहे. तोच 'इथे बसलो तर काही हरकत आहे का?' असा ऐकला, की मराठीतही आपण बिनदिक्कत 'नाही नाही, बसा ना' म्हणतो. 'नाही' म्हणून होकार द्यायची सवय आपल्याला आहेच, फक्त ती चुकीच्या मराठी वाक्यामागे दडून बसते.

माइंड म्हणजे मन, हे शाळेतलं समीकरण इथे आडवं येतं. या प्रश्नात तो शब्द क्रियापद आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत 'माइंड द गॅप' असं बजावतात तेव्हा त्याचा अर्थ लक्ष द्या. मुंबईच्या लोकलमधली उद्घोषणाही फलाट आणि गाडी यांच्यातल्या अंतराकडे लक्ष द्यायलाच सांगते. 'माइंड द बेबी'मध्ये त्याचा अर्थ सांभाळणं. आणि आपल्या प्रश्नात हरकत असणं, खटकणं.

होकारासाठी तीन उत्तरं तोंडात बसवली तरी पुरतात : 'नॉट ॲट ऑल', 'नो, गो अहेड', 'ऑफ कोर्स नॉट'. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक कित्येकदा नुसतं 'शुअर' म्हणतात. तर्काने ते उलटं, पण आवाज आणि हातवारे अर्थ सांभाळून घेतात. फोनवर हातवारे दिसत नाहीत, तिथे नुसतं 'येस' सर्वांत घातक. समोरचा गोंधळतो किंवा 'ओह, सॉरी' म्हणून माघार घेतो. खरंच नकार द्यायचा असेल तर 'येस, आय माइंड' म्हणू नये. ते अंगावर आल्यासारखं वाटतं. 'सॉरी, समवन इज सिटिंग हिअर' असं कारण सांगावं. ठाम नकार हवा असेल तर 'आय'ड रादर यू डिडन्ट'.

आता विचारण्याची बाजू. आधी ठरवायचं, काम कोण करणार? समोरच्याने करायचं असेल तर माइंडनंतर लगेच 'इंग'वालं रूप : 'वुड यू माइंड क्लोजिंग द विंडो?' इथे 'टू क्लोज' चालत नाही. ही चूक कुठून येते तेही स्पष्ट आहे, 'वुड यू लाइक टू'ची सवय इथे घुसते. एंजॉय, अव्हॉइड, फिनिश यांच्यामागेही 'टू' येत नाही. माइंड त्यांच्याच पंगतीतला. काही करू नका असं सांगायचं तर 'नॉट' मध्ये घालायचा : 'वुड यू माइंड नॉट स्मोकिंग हिअर?'

काम आपणच करणार आणि परवानगी हवी असेल तर 'इफ आय'. 'डू यू माइंड' असेल तर पुढे वर्तमानकाळ : 'डू यू माइंड इफ आय ओपन द डोअर?' 'वुड यू माइंड' असेल तर भूतकाळ : 'इफ आय ओपन्ड द डोअर'. बोलण्यात वुडच्या मागेही वर्तमानकाळ सर्रास ऐकू येतो, पण परीक्षेत आणि पत्रात भूतकाळच ठेवावा. भूतकाळ कशाला, असं वाटत असेल तर आपलंच वाक्य पाहा. 'मी बसलो तर' म्हणताना अजून कोणी बसलेलं नसतं, तरी रूप 'बसलो'च. उलट समोरच्याला विनंती करताना नम्रता एकेक पायरी वाढवत आपण शेवटी भविष्यकाळाकडे वळतो : 'खिडकी लाव', 'लाव ना', 'जरा लावता का', 'जरा लावाल का'. यातल्या शेवटच्या पायरीच्या जवळपास 'वुड यू माइंड क्लोजिंग' येतं.

त्यामुळे ते कुठेही वापरून चालत नाही. ऑफिसात अनोळखी सहकाऱ्याकडून फाइल हवी असेल तर 'वुड यू माइंड सेंडिंग मी द फाइल बाय फाइव्ह?' उत्तम, 'काइंडली डू द नीडफुल'पेक्षा शंभरपट बरं, कारण नेमकं काय हवं आणि कधी हवं ते कळतं. ईमेलमध्ये शेवटी प्रश्नचिन्ह विसरायचं नाही. ट्रेनमध्ये चौथ्या सीटसाठी 'वुड यू माइंड मूव्हिंग ओव्हर अ लिटल?' व्याकरणाने बरोबर आहे, पण विरारच्या गाडीत 'जरा सरका'लाच जागा मिळते. घरात पाण्याचा ग्लास मागायला 'कॅन यू' पुरे. आणि कोणी चक्कर येऊन पडलं असेल तर विनंतीची नक्षी नको, सरळ 'कॉल ॲन ॲम्ब्युलन्स!'

उच्चार आणि सूर राहिले. 'वुड'मधला एल मुका. वेगाने बोलताना 'वुड यू'चं 'वुज्यू' होतं, 'माइंड इफ' जोडून 'माइंडिफ' होतं. ओळखीच्यांत तर सुरुवातच गळते : 'माइंड इफ आय सिट?' वाक्याच्या शेवटी सूर वर न्यावा. 'डू यू माइंड!' हेच शब्द खाली आदळत्या सुरात, पुढे काहीही न जोडता म्हटले, तर ती विनंती राहत नाही; रांगेत घुसणाऱ्याला 'काही लाज आहे का?' म्हणावं तसा तो टोला असतो. तो ऐकू आला तर 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं नाही, मुकाट्याने मागे सरकायचं.