दांडपट्टा असताना फेन्सिंग कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

मला फेन्सिंग, म्हणजे पाश्चात्य पद्धतीची तलवारबाजी, शिकायचंय असं कळलं की ओळखीचे लोक हमखास विचारतात, "अगं, आपला दांडपट्टा असताना हे कशाला?" परवा तलावपाळीवर फिरताना शेजारच्या काकांनीही तेच विचारलं. तिथे चालता चालता धड उत्तर देता आलं नाही. काका, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितेय.

दांडपट्ट्याबद्दल मला मनापासून आदर आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुली पट्टा फिरवायला लागल्या की मी हातातलं काम टाकून रस्त्यावर उतरते. 2024 साली सरकारने त्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तेव्हा फार बरं वाटलं. पण पट्टा नीट बघा. मुठीवरचं लोखंडी आवरण पार कोपराकडे येतं, त्यामुळे मनगट वळवायला वाव नाही. सगळा वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. भोवती गराडा पडलेला असताना एकट्याने चहूबाजूंनी लढायचं, हे त्याचं बळ. मला ओढ आहे ती समोरासमोरच्या दोघांची.

ही ओढ लागली सिनेमामुळे. उत्तम द्वंद्वात कोण मरणार यापेक्षा कोण कोणाला ओळखतंय, हे मी बघत असते. एक वार करतो, दुसरा अडवून उलट वार करतो, मग पहिला थबकून त्याच्याकडे नव्याने बघतो. अशा प्रसंगांमागे खरे तलवारबाज असतात. ब्रिटनचे बॉब अँडरसन 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खेळले आणि पुढे सिनेमातल्या लढती बसवू लागले. 'स्टार वॉर्स'मध्ये डार्थ व्हेडरच्या मुखवट्याआड काही द्वंद्वं त्यांनी स्वतः केली.

"पण सिनेमातलं खोटं असतं." हो, असतं. तिथे पात्यावर पातं आपटावं असाच वार आखलेला असतो आणि कॅमेऱ्याला दिसावं म्हणून हात लांबवर फिरतो. फेन्सिंगमध्ये नेम थेट अंगावर, आणि हालचाल इतकी बारीक की डोळ्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून तर तिथे वार लागला की पेटणारे विजेचे दिवे आले. फेन्सिंगमध्ये तलवारीनुसार एपे, फॉइल आणि सेबर असे तीन प्रकार; एपेमध्ये ते दिवे 1936च्या ऑलिंपिकपासून आहेत. पण मला सिनेमात आवडतो तो सवालजवाब फेन्सिंगच्या नियमातच आहे. फॉइल आणि सेबर या प्रकारांत समोरच्याने आधी हल्ला सुरू केला असेल, तर तो अडवल्याशिवाय किंवा चुकवल्याशिवाय तुमच्या वाराला मान नाही. दोघांचे वार एकदम लागले तर गुण हल्ला करणाऱ्याचा. आधी समोरच्याचं ऐकून घ्या, मग बोला! हा नियम वाचला आणि माझं ठरलं.

घोडबंदर रोडच्या बाजूला एका हॉलमध्ये सराव बघायला गेले होते, तेव्हा कोचनी फॉइल हातात दिलं. वजन अर्ध्या किलोच्या आतच. टोकाला स्प्रिंगचं बारीक बटण असतं, ते अर्ध्या किलोच्या जोराने दाबलं गेलं तरच वार धरला जातो. नुसता स्पर्श चालत नाही. मी हात लांब केला तर मूठ स्थिर आणि टोक मात्र थरथरतंय. दोन बोटांच्या चिमटीतून ते आवरायचं असतं म्हणे. शेजारी एक शाळकरी मुलगी पुढे झेपावून भिंतीवरच्या गादीवर पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी टोक लावत होती. दर वेळी पातं छान कमानीसारखं वाकायचं. मी बघतच राहिले.

काका, तुम्हाला हे परकं वाटत असेल तर चेन्नईच्या भवानी देवीची टोकियो ऑलिंपिकमधली पहिली लढत बघा. फेन्सिंगमध्ये ऑलिंपिक गाठणारी ती पहिली भारतीय. सेबरमध्ये ट्युनिशियाच्या खेळाडूला तिने 15-3 असं हरवलं. पुढच्या फेरीत हरली, पण त्या पहिल्या लढतीत ती समोरचीला कशी वाचतेय ते बघण्यासारखं आहे.

आणि तुमची नात पट्टा शिकतेय ना, तिला एकदा सरावाला घेऊन या. तिचं खांद्याचं बळ बघायला कोचनाही आवडेल. माझा वर्ग दिवाळीनंतर सुरू होतोय. सुरुवातीला हातात फॉइल मिळणार नाही, गुडघे वाकवून नुसतं पुढे-मागे सरकायचं, असं त्यांनी बजावलंय. मी आत्तापासूनच घरच्या पॅसेजमध्ये सुरू केलंय.