तांबं वितळेपर्यंत जस्त उडून गेलं

आजीच्या समयांची जोडी. घर बदलताना त्यातल्या एकीची बैठक हरवली. दुसरीचा वाळूत ठसा घ्यायचा आणि नवी ओतायची, एवढंच काम होतं. आमच्या गल्लीतले ओतकाम करणारे काका म्हणाले, "भंगारातलं पितळ आण, वतून देतो." पण मला पितळच स्वतः बनवायची हौस. तांबं आणि जस्त, दोनच तर जिन्नस!

मोटारीच्या वाइंडिंगची 700 ग्रॅम तार आणि 300 ग्रॅम जस्त घेतलं. काका दुपारी जेवायला गेले तेव्हा त्यांच्या भट्टीवर दोन्ही एकाच मुशीत टाकलं, कुकरला वरणभात लावावा तसं. ब्लोअर सुरू केला. थोड्या वेळात जस्ताचे तुकडे खचले आणि पाऱ्यासारखे चकाकायला लागले. जस्त वितळतं 419 अंशांना. तांब्याची तार मात्र ढिम्म. म्हटलं, हवा वाढवू.

मूस लाल झाली, मग नारिंगी. आणि एकदम तिच्या तोंडावर हिरवट पांढरी ज्योत उठली. पांढराशुभ्र धूर, त्यात पिंजलेल्या कापसासारखे तंतू. ते माझ्या केसांवर बसले, बाहेर लावलेल्या स्कूटरच्या सीटवर बसले. मला वाटलं, तारेवरचं वार्निश जळतंय. म्हणून हवा आणखी वाढवली! शेवटी हाती आला तो लालबुंद गोळा. वजन 760 ग्रॅम. पितळ कसलं, जवळजवळ तांबंच.

रात्री हुडहुडी भरून ताप आला. घसा कोरडा, तोंडात गोडसर धातूची चव. डॉक्टरांनी दिवसभर काय केलं ते विचारलं आणि म्हणाले, जस्ताच्या धुराचा ताप आहे, उतरेल. दुसऱ्या संध्याकाळी उतरलाही.

काकांचं निदान त्याहून झटपट. "जस्त आदी घातलंस व्हय? मग काय ऱ्हाणार मुशीत!"

माझ्या डोक्यात धातू म्हणजे घट्ट, तापवला की पातळ, संपलं. वाफ व्हायची ती पाण्याची. पण जस्त 907 अंशांना उकळतं आणि तांबं वितळायला 1085 लागतात. म्हणजे तांबं अजून घट्टच असतं, तेव्हा जस्ताची वाफ होऊन चाललेली असते. ती वाफ हवेत पेट घेते आणि तिची पांढरी पूड होते. घामोळ्यांवर लावतो त्या कॅलामाइनमध्ये हीच पूड असते. भट्टी एकच, पण माझ्या हातातली लोखंडी सांडस घट्ट (लोखंड 1538ला वितळतं), तांबं पातळ होण्याच्या बेतात आणि जस्त स्कूटरवर.

नंतर वाचलं की राजस्थानात जावरला शेकडो वर्षांपूर्वी जस्त काढायचे ते या खोडीचाच उपयोग करून. खनिज भरलेली मातीची वांग्यासारखी भांडी भट्टीत उलटी ठेवायची, वाफ नळीतून खाली उतरवायची आणि गार भागात तिचं पुन्हा जस्त करायचं. मी मात्र ती सगळी गल्लीला वाटून टाकली होती.

दुसऱ्या खेपेला काका शेजारी उभे, माझ्या नाकाला मास्क. आधी नुसतं तांबं, वर लोणारी कोळशाच्या चुऱ्याचा थर. ते पूर्ण पातळ झाल्यावर ब्लोअर बंद. जस्ताचे तुकडे भट्टीच्या कडेला शेकून घेतलेले, कारण ओला तुकडा गेला तर रस अंगावर उडतो. एकेक तुकडा सांडशीत धरून थेट तळाशी दाबायचा. वर सोडला तर तरंगत जळून जातो. जस्त 60 ग्रॅम जास्तीचंच धरलं होतं. मला धास्ती, की गार जस्तानं तांबं थिजेल. पण नाही थिजलं. जस्त मुरलं की मिश्रणाचा वितळबिंदूच खाली येतो; 70-30चं पितळ 950च्या आसपाससुद्धा पातळ असतं. तांब्यात विरघळलेलं जस्त तितक्या सहजी उडतही नाही. तरी थोडा धूर झालाच. "आता थांबू नको, वत!" काका ओरडले.

बैठक चांगली उतरली. आटे लेथवर पाडून घेतले, चिंच लावून घासली. आजीनं दोन्ही समया शेजारी ठेवून पाहिल्या आणि म्हणाली, "ही जरा तांबूसच दिसते रे."