कपावरची बशी

महिना झाला, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद. त्याऐवजी कॅमोमाइलची सुकी फुलं, पुदिना आणि गवती चहाचं मिश्रण. म्हणायला चहा, पण चहाच्या झाडाचं एक पानही त्यात नाही, म्हणून कॅफीनही नाही. (दक्षिण अमेरिकेतलं 'माते' नावाचं पेय 'हर्बल' म्हणून रात्री पिऊ नका, त्यात कॅफीन असतं. मी एकदा रात्रभर छत मोजलंय.)

सुरुवातीला हे प्रकरण मला भिजलेल्या गवताच्या पाण्यासारखं लागायचं. चूक माझीच. दोन मिनिटांत गाळून मोकळी व्हायचे, तेही कप उघडा ठेवून. पुदिन्याचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जातं. म्हणजे सुगंध खोलीभर, कपात नुसतं गरम पाणी! आता वर बशी झाकते, चांगली सात-आठ मिनिटं. बशीला आतून जमलेले थेंबही परत कपात झटकते. चिक्कूपणा म्हणा हवं तर.

आज मात्र जरा आगाऊपणा केला. त्याच कपात सुंठ आणि ज्येष्ठमधाचे तुकडे टाकले. फुलं मऊ झाली, मुळं टणकच्या टणक. मुळांना उकळावं लागतं, हे आठवेपर्यंत सगळं गार. ज्येष्ठमध तसाही रोजचा नकोच, फार घेतला तर रक्तदाब वाढतो.

आता दुसरा कप केलाय, साधाच. एरवी ही आठ मिनिटं मी फोनला हात लावत नाही. आज लावला, हे लिहायला. बशी अजून कपावरच आहे.