जुन्या ट्रकचे ब्रेक पाइप: स्टील, स्टेनलेस की तांबं-निकेल?

मागच्या महिन्यात ट्रकखाली झोपून नुसतं बघायला गेलो होतो. चॅसिसला ब्रेक पाइप धरून ठेवणारी एक क्लिप होती, तिच्यात वर्षानुवर्षांचा चिखल बसलेला, तो स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि खालचा पाइप फुगलेला, पापुद्रे निघणारा. बाकी सगळा पाइप दिसायला ठीकठाक, हिरवट कोटिंगसुद्धा शाबूत, आणि नेमका क्लिपखाली सडलेला. जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा तिथेच होतं हे, कारण तिथे ओल अडकते आणि वरून काही दिसत नाही.

तो तुकडा कापला तर आतून तांबूस. त्यावरून बरेच जण समजतात की कंपनीने तांब्याचा पाइप दिला होता. तसं नसतं, स्टीलच्या पट्टीला तांब्याचा पातळ मुलामा देऊन ती दोनदा गुंडाळतात आणि भट्टीत तो मुलामा वितळून दोन्ही थर जोडले जातात. म्हणजे दुहेरी भिंतीचा स्टील पाइप. मजबूत असतो, स्वस्त असतो, फक्त बाहेरचं कोटिंग एकदा खरचटलं की गंज चालू.

आता नवीन काय टाकायचं. माझ्या डोक्यात पहिलं स्टेनलेस आलं, गंजत नाही, चकचकीत दिसतं, एकदा टाकलं की विषय संपला असं वाटलं. आणलं, वाकवायला जीव गेला ते सोडा, पण खरी मजा फ्लेअर करताना, म्हणजे जॉइंटसाठी पाइपचं तोंड पसरवताना. स्टेनलेस दाबलं की जागच्या जागी कडक होतं, दुहेरी फ्लेअरमध्ये कडा आत दुमडताना बारीक चीर पडते आणि ती डोळ्याला दिसतही नाही. माझा जॉइंट रात्रभरात एक थेंब सोडायचा. अजून घट्ट केला, तरी थेंब. अजून घट्ट केला आणि नटाचे आटे गेले! कडक फ्लेअर सीटला (फिटिंगमधल्या ज्या भागावर तो दाबून बसतो त्याला) चिकटून बसतच नाही, सीट जुनी आणि थोडी खरवडलेली असेल तर विचारूच नका. स्टेनलेसवाले लोक 37 अंशांचा सिंगल, म्हणजे कड न दुमडलेला, फ्लेअर आणि त्याचे वेगळे फिटिंग वापरतात, ते बरोबर आहे, पण मग पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून चाकातल्या व्हील सिलिंडरपर्यंत सगळीकडे अॅडॉप्टर लावत बसा.

साधं तांबं? हाताने वाकतं, फ्लेअर लोण्यासारखा होतो, पण थरथर सोसत सोसत ते कडक होत जातं आणि फ्लेअरच्या मानेपाशी तडा जातो. जोरात ब्रेक मारला की त्या पाइपात सहज 1000 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर प्रेशर जातं, तिथे मी तरी तांबं लावणार नाही. अॅल्युमिनियम तर ब्रेकला अजिबातच नाही.

शेवटी तांबं-निकेलवर आलो. साधारण 90 टक्के तांबं, 10 टक्के निकेल, त्यात थोडं लोखंड आणि मँगनीज. व्होल्वोने 1976 पासून हा पाइप ब्रेकला वापरायला सुरुवात केली, म्हणजे काही काल-परवाचा शोध नाही. गंजाने खात नाही, तांब्याइतका नाही तरी मऊ असतो, गुंडाळीतून काढून जमिनीवर हातानेच सरळ होतो, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचा फ्लेअर जुन्या खरवडलेल्या सीटवरही नीट बसतो. ब्रेक पाइप मधोमध क्वचित फुटतो हो, गळतो तो जॉइंटला, आणि ट्रकखाली उताणं पडून माझ्या हाताने चांगला जॉइंट ज्या धातूचा होतो तोच धातू मला चालतो.

माझ्या ट्रकला 3/16 इंच, म्हणजे 4.75 मिमी लागला. कापल्यावर आतली कड साफ केली, फ्लेअरच्या साच्यावर, म्हणजे डायवर, ब्रेक ऑइलचा एक थेंब टाकला, पहिल्या दाबात तोंड घंटीसारखं फुगतं, दुसऱ्या दाबात ते आत दुमडतं. आणि नट आधी पाइपात सरकवायचा! मी दोनदा विसरलो, दोन्ही वेळा इतका सुंदर फ्लेअर झाला होता की कापताना वाईट वाटलं. जुना फ्लेअर दुहेरी आहे की बबल (नुसता फुगवलेला, आत न दुमडलेला) तेही आधी बघून घ्या, एकाच्या जागी दुसरा आवळला तर बसल्यासारखा वाटतो आणि बसत नाही. कॉम्प्रेशन फिटिंग (फ्लेअर न करता पाइपावर रिंग आवळून जोडतात ते) ब्रेकला कधीच नाही, कोणी कितीही सांगू दे.

फ्यूएल लाइनचं गणित वेगळं. कार्बुरेटरवाल्या गाडीत जेमतेम 4 ते 7 पीएसआय, त्यामुळे तिथे ताकदीचा प्रश्न नाही, आत काय वाहतं त्याचा आहे. तांब्यामुळे पेट्रोल-डिझेल लवकर खराब होतं, चिकटा धरतो, म्हणून तिथे मी कोटिंगवालं स्टील टाकलं. उरलेलं स्टेनलेसही चाललं असतं, पण त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. रबरी होज जिथे चढतो तिथे पाइपच्या टोकाला गोल उंचवटा काढला, नाहीतर क्लॅम्प असूनही होज निसटतो. आणि सायलेन्सरपासून लांब नेला, आधीचा इतका जवळ होता की उन्हात पेट्रोल तापून गाडी का बंद पडायची ते आत्ता कळलं.

नवीन क्लिप सगळ्या रबरवाल्या घेतल्या, पाइप लोखंडावर घासायला नको. ब्रेक पाइपातली हवा काढली, पेडल अर्धा मिनिट दाबून धरलं, मग प्रत्येक जॉइंटखाली कोरडा कागद ठेवून झोपलो. सकाळी सगळे कागद कोरडे, एकच ओला, मागच्या डाव्या चाकाखालचा. जॉइंट पुसून नीट बघितला तर तो कोरडाच होता. गळत होतं व्हील सिलिंडर, आता तो ड्रम उघडायचाय.