संकल्प टिकवता कसा? तुम्ही विचारलंत म्हणून

डिसेंबर संपत आला की हा प्रश्न हमखास येतो. "बाई, तुम्ही अजिंक्यताऱ्यावर नेमानं जाता, हे टिकवता कसं? आम्ही दर एक तारखेला ठरवतो आणि संक्रांतीला तिळगूळ खाऊन मोकळे होतो." विचारणारे बहुतेक साताऱ्यातलेच असतात, काही माझे जुने विद्यार्थी. आजवर "जमतं हो" म्हणून वेळ मारून नेली. यंदा नीट सांगते.

आधी एक गैरसमज दूर करू. मी रोज जात नाही. धो धो पाऊस असला, घरी पाहुणे असले, गुडघा कुरकुरला की जात नाही. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत गड इतक्या वेळा चढायचा, एवढंच मी ठरवते आणि कॅलेंडरवर खुणा करते. आकडा भरला की झालं. मी गणित शिकवायचे म्हणून हे सुचलं असं लोकांना वाटतं, पण हे गणित आजीचं आहे आणि तिची शाळा चौथीत सुटली होती.

आजीचा चातुर्मासाचा नेम असायचा. आषाढी एकादशीला सुरू, कार्तिकीला समाप्त. कुणी कांदा-लसूण-वांगं सोडायचं, कुणी जेवताना मौन पाळायचं, कुणी रोज एक अध्याय वाचायचं. आजीनं एका वर्षी लाख वाती धरल्या होत्या. लाख म्हणजे खरोखरच एकावर पाच शून्यं. दुपारची झाकपाक झाली की ती भिंतीला पाठ टेकून बसायची, शेजारी कापसाची परडी आणि वाटीत चमचाभर दूध. सरकी काढलेला कापूस विंचरून हलका करायचा, चिमूटभर घ्यायचा, कडा आत दुमडायच्या, मग बोटांना दूध लावून टोक वळायचं. तिच्या हातून फुलवात बघता बघता व्हायची, माझ्या हातून व्हायचा बोळा. शंभर झाल्या की डब्यात आणि डब्याच्या झाकणावर खडूची एक रेघ.

आता हिशोब बघा. 2024 साली आषाढी 17 जुलैला होती आणि कार्तिकी 12 नोव्हेंबरला. म्हणजे 118 दिवस. लाख भागिले 118, रोज साडेआठशेच्या आसपास. (अधिक महिना मध्ये आला तर सवलत मिळते. 2023 साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला.) आजीला भागाकार येत नव्हता, पण मागे पडलो की पुढे आहोत हे रेघांवरून बरोबर कळायचं. ताप आला की दोन दिवस कापसाला हात लावायची नाही. बरी झाली की गप्पा मारता मारता जास्तीच्या वळायची. झाकणावरच्या आधीच्या रेघा तापामुळे पुसल्या जात नव्हत्या, सगळी मेख इथंच आहे.

आजकाल मोबाइलवर सवयींची ॲप्स असतात. सलग किती दिवस केलंत ते मोजतात आणि एक दिवस चुकला की आकडा थेट शून्यावर. चाळीस दिवस चाललेल्या माणसाला एकेचाळिसाव्या दिवशी शून्य दाखवणं हा कुठला हिशोब? पेपरात एक उदाहरण चुकलं म्हणून मी कुणाला शून्य मार्क दिले नाहीत. पण शून्य बघितलं की माणूस म्हणतो, गेलंच आता, आणि तिथंच सोडतो. बहुतेक संकल्प आळसानं मोडत नाहीत, या "गेलंच आता" नं मोडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, ते 21 दिवसांचं. एकवीस दिवस केलं की सवय लागते असं मला निदान अर्ध्या साताऱ्यानं सांगितलं असेल. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं 1960 साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. पुढं चेहरा गेला, रुग्ण गेले, "किमान" गेलं, 21 तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे एकेक नवी गोष्ट करायला लावली, खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची, तीही नाश्त्यासारख्या रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडून. 2009 साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ती गोष्ट आपोआप व्हायला कुणाला 18 दिवस लागले, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला आणि मधला आकडा आला 66. एखादा दिवस चुकल्यानं म्हणण्यासारखा फरक पडत नाही, हेही त्यात दिसलं. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, यात नवीन काय?

तर नेमाला मुदत असावी. "आता जन्मभर साखर बंद" हे वाक्य ऐकूनच माझ्या तोंडाला पाणी सुटतं. कार्तिकीपर्यंत बंद म्हटलं की जीव थाऱ्यावर राहतो. कांदा सोडणारे लोकसुद्धा आधी कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन घेतात, आणि परत कधी खायचा ते त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आणि चार माणसांना ठाऊक असावं. आजीच्या वाती अख्ख्या वाड्याला माहीत होत्या. जाता-येता कुणीही विचारायचं, "काकू, किती झाल्या?" शेवटी उद्यापन, म्हणजे सवाष्ण जेवायला, गोडधोड, आप्तेष्ट. तिची श्रद्धा होती, ती मला उसनी घेता येणार नाही. शिवाय त्या काळातलं सगळंच काही गोड नव्हतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण असं धारणं-पारणं चार महिने करून कामाचा डोंगर उपसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तसले नेम नकोतच.

राहता राहिला जानेवारी. पहाटे उठून गड चढायला यापेक्षा वाईट महिना नाही. साताऱ्यात तेव्हा सूर्य सातनंतर उगवतो, वाऱ्यानं नाक बधिर होतं. पहिल्या आठवड्यात मंगळाईच्या देवळापर्यंत गर्दी असते, नव्या ट्रॅकसूटची घडी मोडलेली नसते. पुढच्या आठवड्यात तीच आम्ही ठरलेली टाळकी. त्या लोकांची इच्छाशक्ती कमी पडते असं नाही, मुहूर्त चुकतो. जानेवारीत चालायचंच असेल तर संध्याकाळी चाला.

एक तारीखच हवी असेल तर माझं सुचवणं असं. 1 जानेवारीला सुरू करा आणि गुढीपाडव्याला संपवा. पाडवा मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, म्हणजे अडीच ते साडेतीन महिने मिळतात, बारा आठवड्यांच्या जवळपास. दिवस मोजू नका, पानं, फेऱ्या, सूर्यनमस्कार, जे असेल त्याची बेरीज मोजा. आकडा असा धरा की आठवड्यातून एक-दोन दिवस बुडाले तरी गाठता येईल. पाडव्याला उद्यापन करा, "किती झालं?" विचारणाऱ्यांना जेवायला बोलवा. पुढं चालू ठेवायचं की नाही ते दुसऱ्या दिवशी ठरवा.

नाही ठेवलं तरी चालतं. मोडी शिकायचा नेम मी असाच धरला होता, इतकी पानं लिहायची म्हणून. पाडव्याला पानं भरली, श्रीखंड केलं, वही माळ्यावर टाकली. आजोबांच्या जुन्या कागदांतलं नाव-गाव आणि रकमा तेवढ्या वाचता येतात. मला तेवढंच हवं होतं.