निष्क्रिय रकान्यातल्या आजी

नवी मुंबईत नेरूळला, ‘ज्वेल’ नावाच्या तलावाकाठच्या वाटेवर मी माणसं मोजत होते. एप्रिलचा शनिवार, संध्याकाळचे साडेपाच. हातात पॅड, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर टोपी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण तेव्हा एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाहणीत काम करत होते. घराजवळ चालायला हिरवी वाट असली की लोक खरंच जास्त चालतात का, हा आमचा प्रश्न.

‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ म्हणजे एका धारण तलावाभोवतीची वाट. सिडकोने शहर वसवताना असे तलाव ठेवले. भरतीच्या वेळी खाडीकडची दारं मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की ते खाडीत उतरतं. तलाव मुळात शहरात पाणी तुंबू नये म्हणून आहे. काठाने फिरायला मिळालं ही वरकड कमाई.

मोजण्याची पद्धत सोपार्क नावाची, मॅकेन्झी, कोहेन आणि इतर अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये मांडलेली. ठरलेल्या जागी उभं राहायचं, डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायची आणि त्या क्षणी जो जसा दिसेल तसा नोंदवायचा. बायकांसाठी एक फेरी, पुरुषांसाठी दुसरी. बसलेला किंवा नुसता उभा असेल तर एक रकाना, चालणारा दुसऱ्यात, पळणारा तिसऱ्यात. आधी काय केलं, नंतर काय करणार, काही विचारायचं नाही. पद्धत चांगली आहे. स्वस्त आहे आणि कुणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नाही. ‘मी रोज तासभर चालतो’ हे वाक्य मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय, की मला ही पद्धत फार आवडायची.

माझ्या जागेसमोरच्या बाकड्यावर पाच बायका बसलेल्या असायच्या. त्यातल्या एका आजींनी हाक मारली, “काय गं पोरी, जनगणना आली का?”

“नाही आजी, इथे कोण काय व्यायाम करतं ते लिहितेय.”

“मग आमच्याकडे बघून काय लिहिलंस?”

खोटं बोलायला हवं होतं. पण मी पॅड पुढे केलं. वरचा मराठी मथळा त्यांनी चष्मा नाकावर ओढून मोठ्याने वाचला, “निष्क्रिय.” क्षणभर शांतता. मग शेजारणीला कोपर मारत म्हणाल्या, “ऐकलंत का गं, आपण निष्क्रिय! तीन मजले उतरून आले मी. उतरताना गुडघा काय बोलतो ते हिच्या कागदात कुठे लिहायचं विचारा.”

पुढची फेरी साडेसहाला होती. आजी घरी निघाल्या तेव्हा मीही सोबत गेले. कामात बसत नव्हतं, पण जिना उतरताना दुखणारा गुडघा म्हटल्यावर मला राहवलं नाही. मांडीचे स्नायू अशक्त झाले की असं होऊ शकतं.

त्यांचं अंतर मीटरमध्ये नव्हतं, टेकण्याच्या जागांमध्ये होतं. वाटेवरचं बाकडं, मग फाटकाजवळचा कठडा, रस्ता ओलांडला की दूधवाल्याच्या दुकानापुढची पायरी, मग पिंपळाचा पार, मग सोसायटी. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं बसायचं, कुणाशी तरी बोलायचं. इमारत जुनी, लिफ्ट नाही. घड्याळ लावलं तर सोसायटीच्या दारापर्यंत बावीस मिनिटं, वर जिना वेगळा. मी एकटीने परत आले तेव्हा सात मिनिटं लागली.

“मागे फाटकाजवळचं काम चाललं होतं तेव्हा कठडा पाडला होता,” त्या पारावर बसून सांगत होत्या. “दोन महिने आले नाही बघ.”

“चालायची वाट तर होती ना?”

“वाट होती गं. टेकायला नव्हतं.”

हे वाक्य मी ओळखपत्राच्या मागे लिहून ठेवलं. सत्तरीपुढच्या माणसाला व्यायाम लिहून देताना मी आजवर ‘रोज तीस मिनिटं चाला’ एवढंच सांगत आले होते. मधे कुठे बसाल, हे एकदाही विचारलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि तिथेच म्हटलंय की अजिबात न करण्यापेक्षा थोडा केलेलाही बरा. आम्ही पहिला आकडा पाठ करतो, दुसरं वाक्य गाळतो.

सोमवारी पाहणी चालवणाऱ्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, “रकाना बदलता येणार नाही. बदलला तर जगात दुसरीकडे मोजलेल्या आकड्यांशी तुलनाच संपली.” बरोबरच होतं. मी म्हटलं, निदान वेगळी प्रश्नावली तरी जोडू. बेलफास्टमध्ये कॉन्सवॉटर आणि जोडीच्या नद्यांकाठी नऊ किलोमीटरची हरित वाट झाली, तेव्हा क्वीन्स विद्यापीठाच्या लोकांनी रहिवाशांना आधी आणि नंतरही विचारलं होतं. नुसता व्यायाम नव्हे, मन कसं आहे, शेजारपाजाराशी किती जमतं, तेही. मॅडमनी पैशांचं काय म्हणून विचारलं, मग दोन प्रश्नांना होकार दिला: कुठून आलात, आणि वाटेत कुठे कुठे थांबलात.

पुढच्या शनिवारी साडेपाचला तीन मिनिटं कमी असताना मी जागेवर पोचले. मला पाहताच आजी उठल्या. बाकीच्या चौघीही उठल्या. पदर खोचून पाचही जणी बाकड्यापुढे इकडून तिकडे चालायला लागल्या.

“लिही आता!” आजी ओरडल्या.

नजर फिरवायची वेळ व्हायला अजून दोन मिनिटं होती. ‘थोडं थांबून उठा’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते मी गिळले. बरोबर साडेपाचला मान वर केली तेव्हा पाचही जणी धापा टाकत, हसत, परत बाकड्यावर बसल्या होत्या. मी पहिल्या रकान्यात पाच काड्या ओढल्या.