तुम्ही विचारलंत म्हणून: मास्तरणीचा पगार

इंदूरच्या लोकमान्यनगरात हळदीकुंकवाला गेलं, की वाण हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "सरकारी शाळेत आहेस, म्हणजे पगार अगदी इंजिनीअरएवढा असेल, नाही गं?"

आहे ना, इंजिनीअरएवढाच आहे. माझा दीर राज्य सरकारात सब-इंजिनीअर. मध्य प्रदेशात सब-इंजिनीअर आणि माझ्यासारखा माध्यमिक (म्हणजे सहावी ते आठवीचा) शिक्षक, दोघांचंही मूळ वेतन 32,800 पासून सुरू होतं, महागाई भत्ता वर. तो तीन वर्षांच्या डिप्लोमावर लागला. मी बीएस्सी, बीएड आणि पात्रता परीक्षा. हे बोलले की तो म्हणतो, "वहिनी, मे महिन्याची सुट्टी मोजा की!" मग मी त्याला दुसरी पोळी वाढत नाही.

पहिली ते पाचवी शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकाचं मात्र 25,300 पासून. सरकारी दवाखान्यातल्या नर्सचं 28,700 आणि पोलीस शिपायाचं 19,500, म्हणजे आमची प्राथमिकची बाई या दोघांच्या मधे. पण याच इंदूरात केंद्रीय विद्यालयात पहिलीला शिकवणारी बाई 35,400 वर लागते. कांदे दोघी एकाच भावाने घेतात.

आता खरं सांगू? इंजिनीअर, नर्स हे लांबचे झाले. मी पगाराची तुलना करायला शिकले ती आमच्याच स्टाफरूममध्ये. 2006 मध्ये मी संविदा, म्हणजे कंत्राटी शिक्षक वर्ग दोन (सहावी ते आठवी) म्हणून लागले, महिना 3,500. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई जुन्या भरतीच्या. पूर्ण वेतनमान, पुढे पेन्शन. त्या सातवीला शिकवायच्या, मीही सातवीला. त्या चांगल्या होत्या, रोज चहाचे पैसे त्याच द्यायच्या, आणि ते मला जास्त लागायचं. नव्वदच्या दशकात सरकारने नियमित शिक्षकांची भरती बंद केली आणि स्वस्तातली पदं काढली: शिक्षाकर्मी, गुरुजी, मग संविदा. 2007 मध्ये अध्यापक संवर्ग आला, 2018 मध्ये पुन्हा नवीन संवर्ग, तेव्हा कुठे मी 'माध्यमिक शिक्षक' झाले. काम तेच, फळा तोच. पाटी तेवढी बदलत गेली.

2023 मध्ये आलेली आमची प्राथमिकची नवी शिक्षिका 25,300 ऐवजी 17,710 वर लागली. 2019 च्या नियमाने पहिल्या वर्षी 70 टक्के, मग 80, मग 90. तिच्या घरच्यांनी पेढे वाटले ते 25,300 च्या हिशेबाने.

आणि एक अतिथी, म्हणजे तात्पुरते शिक्षक आहेत. आठवीचं गणित त्यांच्याकडे, आणि माझ्यापेक्षा ते बरं शिकवतात, हे मी मुख्याध्यापकांसमोरही बोलले आहे. वर्ग दोनच्या अतिथींना महिना 7,000 मिळायचे. 2023 मध्ये मुख्यमंत्र्यांनी दुप्पट जाहीर केले, म्हणजे 14,000. संध्याकाळी ते सुदामानगरात शिकवण्या घेतात. एक तारखेला स्टाफरूममध्ये एकेकाचा मोबाइल वाजू लागला, की ते खडूचा डबा उचलून वर्गावर निघतात. तास सुरू व्हायला अजून दहा मिनिटं असतात.

तेव्हा 'सरकारी शिक्षकाचा पगार' विचारताना भरती कुठल्या सालची, तेही विचारत जा. हळदीकुंकवात एवढं कोण ऐकतंय म्हणा. मी "बरा आहे" म्हणते आणि तिळगूळ घेते.

मागच्या एप्रिलमध्ये शेवटच्या दिवशी त्या अतिथी सरांनी हजेरीपट माझ्या हातात दिला. मे-जूनचे पैसे त्यांना नसतात. आठवीतल्या तीन नावांपुढे त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. "अपूर्णांक कच्चे आहेत," म्हणाले. "जुलैत मी नसलो, तर जे कुणी येतील त्यांना सांगा."